जन्मतारखेची चौकट

भीती म्हणजे काय असं मला कुणी विचारलं, तर मी भुताखेतांचं नाव घेणार नाही. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाच्या बाजूनं रोज शाळेत गेलेली मुलगी मी. खांद्यावरून चाललेली तिरडी दिसली की दप्तर सावरून भिंतीला चिकटायचं आणि वाट द्यायची, एवढंच ठाऊक. मला भीती वाटली ती एका रिकाम्या चौकटीची. कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोटभर लांबीची पांढरी चौकट, तिच्यात एक काळी रेघ लुकलुकतेय, आणि शेजारी इंग्रजीत लिहिलंय: जन्मतारीख. स्वतःची जन्मतारीख लिहायला काय घाबरायचं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. त्या चौकटीपुढून मी अर्ज न भरताच उठून आले होते, हे खरं आहे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. वनस्पतिशास्त्रात माझं एम.एस्सी. झालं होतं आणि डोक्यात शेवाळ भरलं होतं. अक्षरशः. नदीतल्या शेवाळावर मला संशोधन करायचं होतं. आईला हे काही पटत नसे. ‘शेवाळासाठी सातासमुद्रापार कशाला जायला हवं? घाटाच्या पायऱ्यांवर हवं तेवढं आहे, काढ की खरवडून,’ असं ती म्हणायची. पण परदेशातल्या एका विद्यापीठातले प्राध्यापक याच विषयावर काम करत होते. मी भीतभीत त्यांना पत्र लिहिलं आणि काय आश्चर्य, त्यांचं उत्तर आलं. त्यांच्याकडे एक जागा होती, शिष्यवृत्तीसकट. फक्त याच वर्षापुरती. अर्ज मात्र विद्यापीठाच्या रीतीनं, इंटरनेटवरून भरायचा, आणि ठरलेल्या तारखेच्या आत.

घरी बाबांनी परवानगी दिली होती ती एकदाच. ‘एक वर्ष प्रयत्न कर,’ ते म्हणाले होते. एवढंच. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, पण आईनं सांगितलं. इंदूरचं एक स्थळ तिनं थांबवून ठेवलं होतं. म्हणजे हा अर्ज गेला तर शेवाळ, नाही तर इंदूर. मुलगा वाईट नव्हता हो, फोटोत तरी बरा दिसत होता. पण तो फोटो समोर आला की मी तो पालथा घालून ठेवायचे.

आमचं घर मंगला गौरीच्या गल्लीत. बाबा संस्कृत पाठशाळेत ज्योतिष शिकवायचे आणि वर्षातले चार महिने एका पंचांगाचं गणित करायचे. बोलणं अगदी कमी. दारात माणसं मुहूर्त विचारायला यायची, तेव्हाही ते तीन शब्दांत उत्तर द्यायचे आणि आत यायचे. माझ्यावर त्यांनी कधी हात उगारला नाही. पण एखादी गोष्ट पटली नाही की ते चष्मा काढून समोर ठेवत, आणि तो चष्मा जमिनीला टेकला की घरातलं वारं थांबायचं. मी पंचवीसची झाले तरी त्या चष्म्याला भ्यायचे.

आता सायबर कॅफे. तो मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत होता, परदेशी लोकांच्या खानावळींच्या मधोमध. चार मशिनं, एक फॅक्स, आणि मालक म्हणजे चाळिशीचा गोलमटोल माणूस, ज्याच्या तोंडात पान नसलेलं मी कधी पाहिलं नाही. टेलिफोनची लाईन जोडली जाताना ते यंत्र असं किंचाळायचं की वाटावं, आपणच काही तरी मोडलं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा अर्ज भरलाच नाही. सगळी पानं उघडून पाहिली आणि एकूण एक प्रश्न वहीत उतरवून घेतले. घरी बसून उत्तरं लिहायची, पुन्हा पुन्हा तपासायची आणि मग एका दमात भरायचा, असा माझा बेत होता. कारण शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत एक सूचना होती: एकदा पाठवलेल्या अर्जात कुठलीही दुरुस्ती होणार नाही, आणि कागदपत्रांत तफावत आढळल्यास अर्ज बाद होईल. ते वाक्य मी वहीत लाल शाईनं लिहिलं. माझी अक्कल बघा, स्वतःला घाबरवायला स्वतःच लाल शाई घेतली.

शेवटच्या तारखेला आठ दिवस होते. दुपारची जेवणं झाल्यावर मी चटईवर सगळे कागद मांडले. हायस्कूलचं, म्हणजे दहावीचं प्रमाणपत्र, गुणपत्रिका, पासपोर्ट. पासपोर्ट मी वर्षापूर्वीच काढून ठेवला होता. वही पुढ्यात घेतली आणि एकेक उत्तर लिहीत गेले. जन्मतारखेपाशी प्रश्न होता: पासपोर्टवर आहे तशीच लिहा. मी हसले. तारीख काय पासपोर्टात बघायला हवी? तरी शिस्त म्हणून पासपोर्ट उघडला.

त्यात दुसरी तारीख होती.

एका दिवसानं पुढची. मी डोळे चोळले, उजेडात नेऊन पाहिलं. हायस्कूलच्या प्रमाणपत्रावर एक तारीख, पासपोर्टवर तिच्या पुढची. वर्षभर तो पासपोर्ट माझ्या पेटीत होता आणि मी तो उघडून फक्त स्वतःचा फोटो पाहिला होता, कसा वाईट आलाय म्हणून. आयुष्यभर मी प्रत्येक फॉर्मवर प्रमाणपत्रावरची तारीख लिहीत आले होते. आणि आता माझ्या हातात दोन सरकारी कागद होते, दोन्ही खरे, आणि त्या दोघांच्या म्हणण्याप्रमाणे मी दोनदा जन्मले होते. बाई गं, माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

“आई, मी कधी जन्मले गं?” मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं.

“मंगळवारी,” ती भांडी आवरता आवरता म्हणाली.

“किती वाजता?”

“पहाटे चार वाजून गेले होते. बाहेर सगळा काळोख. ती नर्स मेली म्हणते, बुधवारची मुलगी झाली. मी म्हटलं, बुधवार कुठून आला? सूर्य उगवलाय का? अजून मंगळवारच आहे.”

झालं. मला सगळं कळलं, तिथंच ओट्यापाशी. आमच्या घरी दिवस सूर्योदयाला सुरू होतो. पंचांगवाल्यांच्या घरी दुसरं काय होणार? पहाटे चारला जन्मलेलं मूल आमच्या हिशेबात आदल्या वाराचं. हॉस्पिटलचा दिवस मात्र मध्यरात्री बदलला होता, म्हणून त्यांनी बुधवारची तारीख लिहिली आणि नगरपालिकेच्या जन्मदाखल्यावर तीच गेली. मला शाळेत घालताना हेडमास्तरांनी बाबांना तारीख विचारली. बाबांनी मंगळवारची सांगितली. कागद कुणी मागितला नाही, पंडितजींचा शब्द होता. पुढे पासपोर्ट काढायच्या वेळी माझं मूळ प्रमाणपत्र दुसऱ्या एका कामात अडकलं होतं, तेव्हा मी जन्मदाखला जोडला. कुणी जुळवून पाहिलं नाही. मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी कॅफेत गेले. अर्ज उघडला, पहिली पानं भरली आणि त्या चौकटीपाशी येऊन थांबले. पासपोर्टची तारीख लिहावी तर प्रमाणपत्राशी जुळत नाही. प्रमाणपत्राची लिहावी तर पासपोर्टशी. दोन्हीकडून बाद. काळी रेघ लुकलुकत राहिली आणि माझा तळहात घामानं असा ओला झाला की माऊस निसटायला लागला. ऐन थंडीत. मालकानं काय झालं म्हणून विचारलं, “का भवा बहिनजी?” मी त्याला सांगितलं. त्यानं पान या गालातून त्या गालात घेतलं.

“अरे, एक दिन से का फरक पड़ी? कुछो भर दीजिए. वहाँ कौन बैठा है देखनेवाला?”

मला हाच धीर नको होता. वहीतलं ते लाल वाक्य मला पाठ होतं. मी अर्ज बंद केला आणि त्या विद्यापीठाच्या कार्यालयाला ईमेल लिहिला. चार वेळा खोडून, पाचव्यांदा पाठवला. मग दोन दिवस माझं धड जेवण झालं नाही. सारखं वाटायचं, आपण होऊन सांगितलं हीच चूक झाली. आता तिथे कुणी तरी माझ्या नावापुढे फुली मारत असेल.

उत्तर आलं ते सभ्य होतं, तीन ओळींचं. अर्जात पासपोर्टवरची तारीख लिहावी. शाळेत जन्मतारीख चुकीची नोंदवली गेली, असं आई किंवा वडिलांचं शपथपत्र, ती चूक कशी झाली हे सांगणारं, अर्जाच्या शेवटच्या दिवसापर्यंत फॅक्सनं पोचावं. ते न आल्यास अर्जाचा विचार होणार नाही.

मालकानं माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाला, “लीजिए, काम हो गया!” काम हो गया म्हणे. त्याला काय माहीत, की मला आता बाबांना जाऊन सांगायचंय, तुमची चूक झाली असं शपथेवर लिहून द्या. ज्या माणसाचं गणित पळभर चुकलं नाही, त्याला. मला तर वाटलं, त्यापेक्षा इंदूर परवडलं.

एक पूर्ण दिवस मी नुसता टाळण्यात घालवला. ते अंघोळ करून आले, मी बाजूला झाले. जेवायला बसले, मी वाढलं आणि आत गेले. आईनं विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, डोकं दुखतंय. तीन दिवस उरले तेव्हा भीतीनंच मला ढकललं. बाबा खिडकीपाशी बसून आकडेमोड करत होते. मी जाऊन समोर बसले.

“बाबा, तुमच्या सहीचा एक कागद हवाय.”

“कसला?”

मी सगळं सांगितलं. पासपोर्ट दाखवला, प्रमाणपत्र दाखवलं, ईमेलचा कागद वाचून दाखवला. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी लावले.

“चूक कुणाची म्हणून लिहायची?”

“तुमची,” माझ्या तोंडून निघून गेलं. “म्हणजे तसं नुसतं लिहायचं. कागदावर.”

त्यांनी चष्मा काढला आणि पंचांगाच्या कागदांवर ठेवला.

“मी हेडमास्तरांना मंगळवार सांगितला. तुझा जन्म मंगळवारचा. यात चूक कुठं आहे?”

“चूक नाहीच हो बाबा. पण त्यांना तसं हवंय.”

“न झालेली चूक शपथेवर लिहू? देवाला साक्ष ठेवून खोटं?”

“एका दिवसाचा तर प्रश्न आहे!”

“एका दिवसाचाच प्रश्न असतो,” ते म्हणाले. “लोक माझ्याकडे त्या एका दिवसासाठीच येतात.”

आणि मग माझा तोल गेला. इतके दिवस पोटात दाबलेली भीती रागाचं तोंड घेऊन बाहेर पडली. “तुमचा सूर्य तुमच्यापाशीच ठेवा!” मी ओरडले. “सगळ्या दुनियेचा दिवस रात्री बाराला बदलतो, एक आपल्याच घराचा बदलत नाही. तुम्हाला मला पाठवायचंच नसेल तर सरळ सांगा, सूर्याला कशाला मध्ये आणता?” आई स्वयंपाकघरातून धावत आली. “अगं, बापाशी बोलतेयस तू!” मी उठून गच्चीवर गेले आणि तिथं वाळत घातलेल्या चादरीत तोंड खुपसून रडले. मी जे बोलले त्याची मला लाज वाटत होती आणि ते खरं असेल याची भीती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या वहीवर एक कागद ठेवलेला होता. बाबांचं ते मोत्यासारखं अक्षर. हिंदीत पानभर मजकूर. भारतीय गणनेत वार सूर्योदयापासून धरतात, जातिकेचा, म्हणजे माझा, जन्म सूर्योदयापूर्वी झाला असल्यानं तिचा वार मंगळवार, इंग्रजी गणनेनं बुधवार, सबब दोन्ही तारखा आपापल्या जागी योग्य. खाली सही आणि सहीपुढे नेहमीप्रमाणे ‘ज्योतिषाचार्य’. मला एकदम हसू आलं आणि रडूही. किती नीट समजावलं होतं त्यांनी! आणि किती निरुपयोगी.

“हे कचहरीत टाईप करून घेऊ,” बाबा म्हणाले. “मी येतो.”

पण त्या दिवशी कचहरीत, म्हणजे कोर्टात, वकिलांची हडताळ. फाटकावर कुलूप नव्हतं, पण आत एकही टेबल मांडलेलं नव्हतं. चहावाला म्हणाला, कल आइए. कल म्हणजे शेवटचा दिवस. परतताना सायकलरिक्षात बाबा एका कडेला आणि मी दुसऱ्या कडेला. पुलावर कोहरा, म्हणजे आपलं धुकं, एवढा दाट होता की खालची वरुणा नदी दिसत नव्हती. उद्याही हडताळ असली तर? वीज गेली तर? लाईन लागली नाही तर? मी मनात एकेक मोजत होते. बाबांना यातलं काही बोलून दाखवायची हिंमत नव्हती, कारण मग ते म्हणाले असते, आठ दिवस काय करत होतीस?

शेवटच्या दिवशी वकील आले होते. पत्र्याच्या शेडखाली ओळीनं टेबलं, टेबलांवर टाईपरायटर, आणि गर्दी. एका पोक्त वकिलानं बाबांना ‘आइए पंडितजी’ म्हणून खुर्ची दिली आणि तो पानभर मजकूर वाचला. वाचून झाल्यावर कागद उलटून मागे पाहिलं, तिथं काही लिहिलंय का म्हणून.

“पंडितजी, इसमें तो सब सही है. गलती किसकी है?”

“किसी की नहीं,” बाबा म्हणाले.

“तो फिर शपथपत्र काहे का?”

मागे उभी असलेली दोन-तीन माणसं हसली. वकील वाईट नव्हता, त्यानं समजावून सांगितलं. बाहेरच्या लोकांना सूर्योदय कळणार नाही. त्यांना एक वाक्य हवं. चूक कुणी केली, एवढं. नाही तर हा कागद पाठवून काही उपयोग नाही, लडकी का साल जाएगा.

बाबांनी चष्मा काढला.

मी त्यांच्या मागे उभी होते. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती, शालीखालचे खांदे. मला वाटलं, आता ते उठतील. उठले तर मी काय करीन हे मला ठाऊक नव्हतं. आजूबाजूला टाईपरायटर वाजत होते, कुणी तरी कुणाला शिव्या घालत होतं.

“लिखिए,” बाबा म्हणाले. “पिता की भूल से.”

वकिलानं इंग्रजीत मजकूर सांगितला, टायपिस्टनं टाईप केला. बाबांना इंग्रजी बेताचंच यायचं, पण न वाचता सही करणारे ते नव्हते. बोट ठेवून ते शब्द न् शब्द वाचत गेले. ‘मिस्टेक’ या शब्दावर बोट जरा थांबलं आणि पुढे सरकलं. मग त्यांनी सही केली. नुसतं नाव. वकिलाच्या लक्षात आलं. “आचार्य नहीं लिखेंगे, पंडितजी?”

“यहाँ नहीं.”

मला त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर मी तो कागद फाडून टाकला असता. पण विचारलं कुणी नाही, आणि खरं सांगायचं तर मी तो फाडलाही नसता. मी तो पिशवीत घातला आणि पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

कॅफेत पोचलो तेव्हा वीज नव्हती. मालक दारात उन्हाला बसला होता. जनरेटर का कोण जाणे, सुरू होत नव्हता. आम्ही दोघं बाकावर बसलो. बाबा पहिल्यांदाच तिथं आले होते. समोरून पिंगट केसांची परदेशी मुलं पाठीवर बोजे घेऊन जात होती आणि बाबा त्यांच्याकडे लक्ष देऊन पाहत होते. मी दर मिनिटाला आत डोकावत होते. दीड तासानं पंखा घरघरला आणि मी ताडकन उठले.

आधी शपथपत्र फॅक्स केलं. ते यंत्रातून सरकत गेलं, पलीकडून पोचल्याची चिठ्ठी बाहेर आली. मग अर्ज. तीन पानं भरली आणि लाईन तुटली. सगळं कोरं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. वहीतली उत्तरं पाठ होती, हात आपोआप चालला. शेवटच्या पानावर पोचले तेव्हा अंगातला स्वेटर घामानं चिकटला होता. बाण ‘पाठवा’च्या बटणावर नेला.

“थांब,” बाबा म्हणाले. ते शेजारी स्टुलावर बसले होते, हातात माझा पासपोर्ट. “पहिल्यापासून वाच.”

“बाबा, लाईन पुन्हा तुटेल!”

“तुटू दे. वाच.”

पंचांगाची प्रुफं आमच्या घरी अशीच तपासत. एकानं छापलेलं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ प्रतीवर बोट ठेवून ‘हूं’ म्हणायचं. वाचणाऱ्यानं अर्थ लावायचा नाही, दिसेल तेच वाचायचं. मी मागे गेले आणि वाचू लागले. नाव. हूं. वडलांचं नाव. हूं. पत्ता. हूं. पासपोर्टचा नंबर, एकेक आकडा. हूं. हूं. जन्मतारीख मी वाचली.

हूं आलं नाही.

मी पडद्याकडे नीट पाहिलं. मी मंगळवारची तारीख लिहिली होती. इतकं सगळं होऊन, कचहरी होऊन, ती सही होऊन. वहीत बुधवारची लिहिलेली असूनही माझ्या हातानं त्याला सवयीची असलेली तारीख लिहून टाकली होती. बटण दाबलं असतं तर शपथपत्रात एक आणि अर्जात दुसरी. त्यानंतर कुणी माझं ऐकून घेतलं नसतं.

बाबा पासपोर्टवर बोट ठेवून बसले होते. त्यांना काय वाटत होतं ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. पडद्यावर त्यांचा मंगळवार होता, त्यांनी मानलेला, त्यांनी हेडमास्तरांना सांगितलेला.

“बुधवार,” ते म्हणाले. “बुधवारची घाल.”

मी घातली. त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली. हूं म्हणाले. मग राहिलेली पानं तशीच वाचून घेतली. मालक हातातलं काम टाकून मागे येऊन उभा राहिला होता आणि त्याचं पान चावायचं थांबलं होतं.

“हे दाबलं की परत मागे घेता येत नाही ना?” बाबांनी विचारलं.

“नाही.”

“मग दाब.”

मी दाबलं. पान कोरं झालं, बराच वेळ कोरंच राहिलं, आणि मग ‘आपला अर्ज मिळाला’ अशी एक साधी ओळ उमटली. मी ती मोठ्यानं वाचली. बाबा म्हणाले, “हूं.”

घरी आम्ही घाटावरून चालत गेलो. अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर बायका कपडे वाळवत होत्या, बाबा त्यांना चुकवत पुढे चालले होते, मी मागे. तिथं कुठं तरी माझ्या डोक्यात आलं की त्यांनी मला थांबवलं नसतं तरी पुरलं असतं. किंवा नुसतं एक ‘हूं’ म्हटलं असतं तरी. मंगळवारला ‘हूं’ म्हणणं त्यांच्या दृष्टीनं खोटंही नव्हतं, आणि मुलगी घरी राहिली असती. मी गच्चीवर जाताना त्यांना काय बोलले होते ते मला आठवलं आणि मी तिथंच त्यांना हाक मारणार होते. पण मारली नाही. आतापर्यंत अर्ज बाद होईल याची भीती होती. आता पहिल्यांदा तो मंजूर होईल याची वाटायला लागली.

घरी पोचलो तेव्हा आई दारातच होती. “झालं का?”

“झालं,” बाबा म्हणाले आणि नळावर पाय धुवायला बसले.

“मिळेल का हो तिला?” आईनं विचारलं. “आता तरी पत्रिका बघून सांगा ना. दुनियेची बघता.”

“पाहिलीय.”

“कधी?”

“ती जन्मली तेव्हाच.”

“मग? काय आहे?”

बाबा पायावर पाणी घेत राहिले. दोन्ही पाय धुऊन झाले तरी घेत राहिले.

“वार कुठलाही धर,” ते म्हणाले. “ती जाते.”

आणि त्यांनी पंचा मागितला. आईच्या हातातच होता तो. तिनं दिला नाही, तशीच उभी राहिली, आणि बाबा ओल्या पायांनी आत गेले.